दररोजचा पाहुणा

सोमवार, १८ ऑगस्ट

आले एकदाची. पेडगावहून सकाळच्या जीपनं निघाले. मांडीवर कपड्यांची पिशवी, पायाशी आईनं दिलेला ज्वारीच्या पिठाचा डबा. जीपवाल्यानं पाथरी रोडवर सोसायटीच्या गेटसमोरच उतरवलं, आणि डबा स्वतः खाली ठेवून दिला.

शारदाई नगरी म्हणजे तीन इमारती, मधे मैदान, दोन कडुलिंब आणि गेटला लागून ऑफिस. ऑफिसच्या मागची खोली मला राहायला दिली आहे. खिडकीतून गेट दिसतं. चेअरमन बन्सीधरकाका जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. कुमारी भक्ती, बी. कॉम., व्यवस्थापक. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नाही. आईनं फोनवर विचारलं, व्यवस्थापकाला खुर्ची असती का गं. म्हटलं, असते, तीही चाकाची. मग ती बराच वेळ हसली.

काम आवडेल असं वाटतं. सोसायटीनं ‘शेजार’ नावाचं ॲप घेतलंय, ते सगळ्या घरांत सुरू करून द्यायचं. नळाला पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, कुणाची काय तक्रार, कुणाकडे कोण पाहुणा आला, सगळं त्यात. इतके दिवस हे गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचे आणि पाऊस आला की पुसून जायचं. काकांनी सांगितलं की इथं वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना समोरच्या दाराचं आडनाव माहीत नसतं. मला ते बदलायचं आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट

आठवडाभर जिने चढते आहे. लोक चांगले आहेत, पण ऐकत नाहीत. तक्रारींच्या खान्यात ए इमारतीतले एक आजोबा रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकतात. मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन फुलं टाकली.

गेटवर आता बटणांची पेटी बसवली आहे. नवा पाहुणा आला की त्यानं वॉचमनला नाव आणि घर सांगायचं, वॉचमननं ते पेटीत टाकायचं. घरच्यांच्या फोनवर विचारणा जाते, आत सोडायचं का. त्यांनी ‘सोडा’ दाबलं की आडवा दांडा वर जातो. नेहमीच्या माणसांना, म्हणजे दूधवाला, कामवाली, यांना मी ‘दररोज’ अशी नोंद करून एक नंबर देते. त्यांनी तो पेटीवर दाबायचा, कुणाला विचारायचं कारण नाही.

गेटवरचे गोपाळमामा आधी एसटीत कंडक्टर होते. पहिल्या दिवशी ते पेटीकडे बघून म्हणाले, बायको बी एवढं इचारत न्हाई, आता हिला जबाब द्यायचा का. आज मात्र म्हणाले की बरं हाय, दररोजच्याचं तोंड बी बगायला लागत न्हाई.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज तानुबाई आजींची ओळख झाली. बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारी. हातात फोन असा धरून आल्या की जणू त्यात काही सांडेल. भाच्यानं दिलाय, पण बोट लावायला भीती वाटते. मी चार वेळा शिकवलं. पाचव्यांदा त्यांनीच माझा हात धरून थांबवलं. “ऱ्हाऊ दे माय. तुजं बी काम खोळंबायलंय.” मग त्यांच्या घरासाठी दुसरा नंबर म्हणून मी माझाच टाकला. विचारणा आली की दोघींचे फोन वाजतील आणि मी दाबून देईन. त्यांना इतकं हायसं वाटलं की संध्याकाळी माझ्यासाठी पिठलं घेऊन आल्या.

मी जेवत असताना समोर बसून त्या योगीराजचं सांगत होत्या. मुलगा, एकुलता एक. पुण्याला कंपनीत. त्याला आंबट वरण लागतं, भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, थोडी निवली तरी उठून जातो. मी विचारलं, येतात का इकडे. त्या म्हणाल्या, कुठं येतोय. आणि पदरानं ताट पुसायला लागल्या.

असल्या मुलांचा मला राग येतो.

सोमवार, १५ सप्टेंबर

आजी ऑफिसात आल्या त्या आनंदानं फुलून. उद्या आमचा योगीराज जेवायला यायलाय, म्हणाल्या. गेटावर त्याला आडवू नका एवढंच सांगायला आल्या होत्या. मागं कुणा पाहुण्याला मामांनी उन्हात उभं केलं होतं, ते त्यांच्या मनात होतं.

मी त्यांच्यासमोरच नोंद केली. योगीराज, मुलगा, बी इमारत, दुसरा मजला. पुढं ॲप विचारतं, एक दिवस की दररोज. क्षणभर थांबले. मग ‘दररोज’ दाबलं. आईच्या दारात मुलानं एका दिवसाची परवानगी कशाला मागायची? आजींना नंबर लिहून दिला. म्हटलं, त्यांना सांगून ठेवा, आता कधीही आले तरी कुणी अडवणार नाही. आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आज फार बरं वाटतंय. शिकल्याचा उपयोग झाला असं म्हणतात तो हाच असेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुपारी सगळ्या बी इमारतीत वड्यांचा आणि खिरीचा वास होता. माझ्या फोनवर निरोप झळकला, ‘योगीराज आत आले’. भेटायला जाणार होते, पण मायलेकरांत कशाला जायचं म्हणून थांबले.

सायंकाळी आजी जिन्यात भेटल्या. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा. पोटभर जेवला, म्हणाल्या. उद्या बी येतो म्हणालाय.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घट बसले. मैदानात मुलींनी रांगोळी काढली. ॲपवर मी आरतीची वेळ टाकली आणि चक्क तीसेक माणसं खाली उतरली. बन्सीधरकाका म्हणाले, पोरी, तू आम्हाला अंगणात आणलंस. आजी मात्र आल्या नाहीत. त्यांच्या घरी रोज दुपारी स्वयंपाक असतो. योगीराज रोज येतो. एकदाही मला दिसला नाही. मामांना विचारलं, कसा आहे हो दिसायला? ते म्हणाले, त्या टायमाला मी डबा खात आसतो. दांडा वर गेल्याला दिसतोय, माणूस न्हाई.

पुण्याची नोकरी सुटली असेल बिचाऱ्याची.

सोमवार, २९ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं.

दुपारी पाथरीहून उद्धव नावाचे गृहस्थ आले. शिवणकाम करतात, योगीराजचे शाळेपासूनचे मित्र. आजींची माफी मागायला आले होते. वर जायचं धाडस होईना म्हणून ऑफिसात बसले. दरवर्षी पितृपंधरवड्यात आजी त्यांना जेवायला बोलावतात. ते योगीराजच्या नावानं पाटावर बसतात. आजी त्यांचे पाय धुतात, त्या दिवशी त्यांना योगीराज म्हणूनच हाक मारतात, जेवण झालं की विडा देऊन निरोप देतात. यंदा त्यांचे चुलते वारले. सुतकात पितर म्हणून बसता येत नाही. सोळा तारखेला सकाळीच फोन करून आजींना तसं कळवलं होतं. आजी म्हणाल्या, काही फिकर करू नको.

योगीराज चार वर्षांपूर्वी पुण्यात तापानं गेला.

आमच्याही घरी पितर जेवतात. आई चुलतमामांना बसवते, आणि त्या दिवशी त्यांना आजोबांच्या नावानं हाक मारते. मी लहानपणापासून पाहिलंय. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मला आजींचा आनंद दिसला आणि पंधरवडा दिसला नाही.

मग सोळा तारखेला कोण आलं? आणि रोज कोण येतं?

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज वर गेले. आजींनी हसून दार उघडलं. त्यांचे दंड एवढे बारीक कधी झाले? काकणं कोपरापर्यंत सरकत होती.

त्यांनी काही लपवलं नाही. पंधरा तारखेला संध्याकाळी गॅलरीत दक्षिणेकडं तोंड करून त्यांनी आवतण दिलं, रीतीप्रमाणे. त्यात मी दिलेला नंबरही सांगितला, म्हंजी लेकराला दारात आडायला नको. दुसऱ्या दिवशी उद्धवचा फोन आला, आणि दुपारी दार वाजलं. पाटावर येऊन बसला. त्या विडा द्यायला गेल्या तेव्हा म्हणाला, आई, मला रोजचं बोलावणं हाय.

“तूच दिलंस माय ते,” आजी म्हणाल्या. “तुजे उपकार कुटं फेडू.”

स्वयंपाकघरात पाट मांडलेला होता. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलून ताटात टाकली. फुगलेली, वाफ येत असलेली. ती ताटाला टेकली आणि वाफ थांबली. मी हात लावला. गार होती. गार आणि कडक, जशी परवाची असावी. पाटाच्या बाजूला हवा थंड होती. मला कुणी दिसलं नाही. पण आजी त्या जागेकडे बघून पदरानं वारा घालत होत्या, आणि मधेच हळू हसत होत्या.

तो जेवला की त्याच ताटातलं आजी खातात. लेकराचं उष्टं वाया कसं घालू, म्हणतात. मी एक घास तोंडात टाकला. आंबट वरणाला आंबट चव नव्हती. कसलीच चव नव्हती. पोटात गेलंय असंही वाटलं नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आजी जिना उतरू शकत नाहीत. दिवसभर खातात आणि वाळत चालल्या आहेत. मी माझ्या हातचा वेगळा वरणभात नेला. त्यांनी तोही योगीराजच्या ताटात वाढला.

म्हटलं, आजी, त्यांना विडा द्या. निरोप द्या. त्यांनाही जाऊ दे, सुटू दे. त्या पाट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की तो गेला तेव्हा त्या पुण्याला पोचल्या नव्हत्या. देवगाव फाट्यावर गाडी बंद पडली होती. पोचल्या तेव्हा तोंड झाकलेलं होतं. “आता तोंड दिसायलंय मला. लय झालं.”

मी खाली येऊन रडले. नोंद माझ्या हातात आहे. एक बटण. पण ते दाबायचा मला काय अधिकार?

काकांना सांगितलं. ते म्हणाले, म्हातारीला डॉक्टरला दाखवू, आणि मशीनची कंपनीकडे तक्रार करू. कंपनीचं उत्तर आलं. सर्व काही व्यवस्थित चालू आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज आजी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, कोसळल्या. शेजारच्यांनी मला फोन केला. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले की अंगात काही उरलेलं नाही, यांना कुणी जेवायला देत नाही का.

मी योगीराजची नोंद काढून टाकली. आजींना विचारलं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दुपारी पेटीची बटणं वाजायला लागली. मी खिडकीतून बघत होते. गेटासमोर कुणी नव्हतं. नंबर दाबला जात होता, थांबत होता, पुन्हा पहिल्यापासून. चुकलं असेल असं समजून माणूस पुन्हा दाबतो, तसा. मामा डबा तसाच टाकून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

मग फोनवर विचारणा आली. योगीराज. बी इमारत, दुसरा मजला. आत सोडायचं का?

मी ‘नको’ दाबलं. पुन्हा आली. पुन्हा ‘नको’. वर आजींचाही फोन वाजत असणार हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या जिना उतरून आल्या. कशा आल्या माहीत नाही, बसत बसत आल्या असाव्यात, लुगडं मागून मळलेलं होतं. काखेत भाकरीचा डबा. गेटाच्या आतल्या बाजूला उन्हात बसल्या आणि दांड्याखालून हात बाहेर काढला. मी धावत गेले. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. रागानं नाही. म्हणाल्या, “तूच सोडलंस त्याला, भक्ती. आता तूच कसं गं आडवायलीस?”

मी उचलायला वाकले तर अंगाला वजनच नव्हतं. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत

गेल्या. माझ्या मांडीवर. हात बाहेरच्या बाजूला तसाच होता.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

भाचा आला, सगळं उरकलं, घराला कुलूप लावून गेला. काकांनी सांगितलं म्हणून मी ॲपमधून ते घर बंद केलं. मामांनी काम सोडलं. माझ्याशी बोलले नाहीत, पण जाताना डोक्यावर हात ठेवून गेले.

दुपारी बटणं वाजली. त्याला माहीत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की आई गेली.

आता विचारणा फक्त माझ्या फोनवर येते. आजींसाठी दुसरा नंबर माझाच होता.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज विचारणेत एक ओळ जास्त आहे.

योगीराज. सोबत एक जण. आत सोडायचं का?

पेटीजवळ काकणांचा आवाज होता. बारीक. सैल काकणं सरकतात तसा.

दोघंही उन्हात.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल ‘सोडा’ दाबलं. दुसरं काय करणार होते.

माझ्या खोलीत दोन पाट मांडले. पीठ आईच्या डब्यातलं. भाकरी ताटाला टेकली की वाफ थांबते. पहिली, दुसरी, तिसरी. मी विडा करून पुढं ठेवला, हात जोडले, म्हटलं की माझी चूक झाली, आता सुखानं जा. पान उचललं गेलं नाही.

उद्धवभाऊंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, निरोप तिथीलाच देता येतो. म्हणजे आता पुढच्या भाद्रपदात.

तोवर रोज.

बुधवार, १५ ऑक्टोबर

उष्टं टाकवत नाही. आजी आजूबाजूलाच असतात, कोपऱ्यातून बघतात — दिसत नाहीत, पण बघतात. मी खाते. चव नाही.

ऑफिसात मुलांनी आकाशकंदील लावला. काका म्हणाले, वाळलीस गं. दिवाळीला घरी जाऊन ये. जाऊ कशी — मी गेले तर ते गेटावर —

गुरुवार, १६ ऑक्टोबर

घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात. तरी सैल.

आई फोनवर म्हणाली, उद्या वसुबारस, तुला न्यायला येतेय. नको म्हटलं. काम आहे. तिला आवाजावरनं कळलं. म्हणाली, काय झालंय तुला. मी काही —

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ती आली आहे. खिडकीतून दिसते. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात फराळाचा डबा. नव्या वॉचमनला काहीतरी हसून सांगते आहे — लेक मॅनेजर आहे म्हणून सांगत असेल.

आत ताटं वाढलेली. दोघं बसली आहेत.

फोन. ‘आई. ऑफिसची खोली. आत सोडायचं का?’

ती आत आली की माझे हात बघेल. पोर उपाशी आहे म्हणेल आणि इथंच बसेल, माझ्या ताटात, मला भरवेल, उरलेलं स्वतः खाईल. ती कधीच वाया घालवत नाही. आणि मग ती रोज —

‘नको’ दाबलं.

ती पेटीकडं बघते. तिला वाटतंय तिचंच काही चुकलं. वॉचमन पुन्हा दाबून देतोय. पुन्हा फोन.

नको.

उन्हात उभी आहे. डबा खाली ठेवला. दांड्याखालून वाकून इकडं बघते, हाक मारते — भक्ते — काचेतून ऐकू येत नाही, ओठ दिसतात. रडते का ती? पुन्हा फोन. आई, जा. आई, मी तुला अडवत नाही गं, मी फक्त

नको

मागं पाट सरकला. आजी उठल्या. त्यांना दारात कुणी उभं राहिलेलं बघवत नाही. त्या माझ्या हातातला फोन —